कूलरचा गंज आणि हिरवी वायर



या महिन्यात आधी माझी एक चूक दुरुस्त करायची आहे. गेल्या वर्षी एप्रिलच्या अंकात याच पानावर मी कूलरचा गंज घरच्या घरी कसा काढावा ते लिहिलं होतं. लिंबू, सिरका, तारेचा ब्रश आणि मग रंगाचे दोन हात. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तसं केलं, काहींनी पत्रं लिहून कळवलंही. त्या लेखात एक गोष्ट राहून गेली होती आणि एक गोष्ट सरळ चुकीची होती. राहून गेलेली गोष्ट माझ्या धाकट्याच्या हाताला कळली, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आमचा कूलर माझ्या लग्नातला. अब्बांनी मुद्दाम जाड जस्ती पत्र्याचा बनवून घेतला होता, आणि देताना म्हणाले होते की फ्रिज कोणीही देतो, नागपुरात मुलीला कूलर चांगला द्यावा. त्यांचं बरोबरच होतं. २३ मे २०१३ ला या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हा माझा मोठा अगदी लहान होता आणि दुपारभर त्याच कूलरपुढे ओल्या चादरीत झोपवलेला होता. अब्बा आता नाहीत. म्हणून घरात एसी घेण्याची चर्चा निघाली तरी मी तो कूलर भंगारात देऊ देत नाही. गेल्या वर्षी त्याला घासूनपुसून चंदेरी रंग दिला आणि फोटो खानदानातल्या सगळ्यांना पाठवला. सगळ्यांनी माशाअल्लाह म्हटलं.

यंदा मार्चअखेरीस कूलर सुरू केला. चौथ्या दिवशी संध्याकाळी धाकटा पाइपने टाकीत पाणी भरत होता. कूलर सुरूच होता, तसं भरायची सगळ्यांना सवय. एकदम ओरडला आणि मागे पडला. पायात रबरी चप्पल होती आणि हात पत्र्याला नुसता बाहेरून टेकला होता, मूठ आवळली गेली नव्हती. अल्हमदुलिल्लाह, दोन दिवस हात झिणझिणला, एवढ्यावर गेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढून घरी पाठवलं. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने कोणी ना कोणी गेल्याची बातमी येते. त्यात पुष्कळदा लहान मुलं असतात, नाहीतर ओल्या फरशीवर अनवाणी पोछा लावणारी घरातली बाई.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले इलेक्ट्रिशियन चाचा आले. त्यांनी कूलर पालथा केला, पंप काढला, आणि मोटरच्या पट्टीजवळचा एक स्क्रू मला दाखवला. त्या स्क्रूखाली हिरवी वायर. "बाजी, ये क्या किया? इसको भी रंग दिया?"

हो, त्यालाही रंग दिला होता. नुसता रंग नव्हे, गंज खरवडायला कंटाळा आला म्हणून त्या कोपऱ्यात गंजावरच रंग फासला होता. चाचांनी स्क्रू पिळला तर खालून लाल भुकटी पडली. वायरचं टोक आणि पत्रा यांच्यामध्ये गंज आणि रंग यांचा पापुद्रा, धातूला धातू लागलेलाच नाही. पंपाच्या आतली वायर पाण्यात राहून खराब झाली होती आणि वीज पत्र्यात उतरली होती. हिरवी वायर धड असती तर ती वीज तिथूनच जमिनीत गेली असती. वाट बंद होती, म्हणून ती माझ्या मुलाच्या हातातून गेली.

गंज विजेला नीट वाट देत नाही, आणि रंग तर देतच नाही. कूलर जितका सुंदर रंगवावा तितका आतला दोष झाकला जातो. ही गोष्ट मी तुम्हाला सांगायला हवी होती, सांगितली नाही. ज्यांनी माझं वाचून कूलर रंगवला असेल त्यांनी आज प्लग काढून तो स्क्रू शोधावा. त्याखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत दिसेपर्यंत काढावा, वायरचं टोकही घासावं, वॉशर घालून स्क्रू घट्ट करावा आणि वरून थोडी व्हॅसलीन लावावी म्हणजे ओल लागणार नाही. आधी घट्ट, मग व्हॅसलीन. मध्ये नाही. त्यानंतर इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, कारण जुन्या घरांत भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं, मोठं भोक पुष्कळदा नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नसते. मग कूलरचा स्क्रू कितीही लख्ख करा, उपयोग शून्य. आमच्या घरात दोन सॉकेट तशी निघाली. बैठकीतलं आणि नेमकं कूलरचं.

चाचांच्या सांगण्यावरून आम्ही मीटरजवळ ३० मिलीअँपियरची आरसीसीबी बसवली. नेहमीची एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडते, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या थोड्याशा विजेची तिला खबरही लागत नाही. आरसीसीबी ती गळती ओळखून डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. खर्च आहे, पण एका ईदच्या कपड्यांपेक्षा कमी. आणि तरीही पाणी भरताना, साफ करताना प्लग काढायचाच. बटण बंद करणं पुरेसं नाही, बटण उलट्या तारेवर बसवलेलं असेल तर बंद असूनही मोटरपर्यंत वीज असते.

आता चुकीच्या सल्ल्याकडे येते. मी टाकीला लिंबू आणि सिरका चोळायला सांगितलं होतं. माझ्या टाकीचा तळ वर्षभरात पूर्वीपेक्षा जास्त लाल झाला, तेव्हा शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी आधी विचारलं, पत्रा साधा की जस्ती? जस्ती पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचा पातळ थर. हा थर लोखंडाला झाकतो, शिवाय कुठे ओरखडा गेला तर लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो. लिंबू, सिरका, चिंच ही सगळी आम्लं गंज विरघळवतात हे खरं, पण जस्त त्याहून आवडीने खातात. पत्र्यावर बारीक बुडबुडे येतात, आपण समजतो औषध लागू पडलं, आणि खरं तर कूलरचं चिलखत उतरत असतं. जिथे पत्रा अजून राखाडी, चंदेरी आहे तिथे आंबट काहीही लावू नका. साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश, बस्स. टाकीवर पांढरी पुटं दिसतात ती बहुतेक पाण्यातल्या क्षारांची असतात, गंज नव्हे.

हे क्षार साचतात कसे तेही पाहा. कूलर पाण्याची वाफ करतो, क्षार मागे ठेवतो. आपण वरून पुन्हा पाणी घालतो, म्हणजे पुन्हा क्षार घालतो. पंधरा दिवसांत टाकीतलं पाणी नळाच्या पाण्याहून कितीतरी खारट होतं, आणि खारट पाण्यात लोखंड भराभर गंजतं. नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, ते त्यातल्या त्यात बरं. बोअरवेलचं पाणी घालणाऱ्यांच्या ताट्या महिन्याभरात दगडासारख्या होतात. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी करायची. महापालिका डेंग्यूच्या डासांसाठी आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगते, तोच कूलरच्या पत्र्यालाही मानवतो.

आणि जिथे पत्रा आधीच लाल झाला आहे तिथे काय? तिथे घरगुती औषधांपेक्षा हाताचं बळ कामाचं. ताट्या, पंप बाहेर काढा, मोटरला प्लास्टिकची पिशवी बांधा. तारेच्या ब्रशने सुटा गंज पाडा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. धूळ नाकात जाऊ नये म्हणून ओढणी बांधा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. ओल्या फडक्याने पुसून एक अख्खा दिवस उन्हात ठेवा. एप्रिलमधलं नागपूरचं ऊन फुकट आहे, त्याचा एवढा तरी फायदा घ्यावा. नंतर रेड ऑक्साइड प्रायमर, तो वाळल्यावर बाहेरून रंग आणि टाकीच्या आतून काळा डांबरी रंग. आतला रंग वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या, नाहीतर घरभर डांबराची हवा. हिरव्या वायरच्या स्क्रूवर आणि त्याच्या भोवती मात्र आधीच चिकटपट्टी लावून ठेवा. हे वाक्य गेल्या वर्षी लिहायचं राहिलं होतं.

स्क्रूड्रायव्हरचं टोक टाकीच्या तळाला टोचून पाहा. पत्रा दबला किंवा टोक आरपार गेलं तर रंगरंगोटी करू नका. छोट्या छिद्राला एम-सील चालतं, तळच चाळणी झाला असेल तर नवा तळ लावून घ्यावा. माझ्या कूलरला तेच करावं लागलं. अब्बांच्या कूलरचे आता चार खांब आणि पंखा जुना, बाकी नवं. मुलांचे अब्बू विचारतात, मग हा अब्बांचा कूलर कसा? मी उत्तर देत नाही.

एक गंमत सांगते. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, आणि या एका विषयावर माझ्या वर्गात नेहमी गोंधळ होतो. मराठीत लोखंडाला लागतो तो गंज. आमच्याकडे विदर्भात दूध तापवायच्या भांड्यालाही गंज म्हणतात. आणि उर्दूत गंज म्हणजे खजिना. उर्दूत लोखंडाला लागतो तो ज़ंग, आणि नुक्ता विसरला की तीच होते जंग, म्हणजे लढाई. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, "आमच्या घरी गंजाला गंज लागला." मी तिला पूर्ण गुण दिले.

आता बाकीच्या वस्तू. लिंबू-सिरक्याचं खरं काम कूलरवर नाही, छोट्या, निव्वळ लोखंडाच्या वस्तूंवर आहे. बिजागरी, कात्री, पक्कड, नट-बोल्ट, गॅसच्या शेगडीची लोखंडी जाळी. दुकानातल्या सिरक्यात ४ ते ५ टक्के आम्ल असतं. वस्तू बुडेल इतका सिरका घेऊन रात्रभर ठेवा. भांड्याचं झाकण घट्ट लावू नका, आत थोडा वायू तयार होतो. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं की गंज चिखलासारखा सुटतो. त्यापेक्षा स्वस्त आणि कमी वासाचं म्हणजे किराणा दुकानातलं लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, दोन-तीन तास. काहीजणी संत्र्याच्या साली चोळतात. नागपूरकर म्हणून मला ते आवडलं असतं, पण संत्र्यात आम्ल फारच थोडं, त्यापेक्षा सुकं लिंबूही बरं. कोल्ड्रिंकनेही गंज निघतो, त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, पण साखरेचा चिकटा वेगळा धुवावा लागतो. पैसे वाया घालवायचेच असतील तर पाहुण्यांना पाजा.

यानंतरची पायरीच बहुतेक जणी सोडतात आणि मग लिहितात की गंज दोन दिवसांत परत आला. आम्लातून काढलेलं लोखंड उघडं, भुकेलं असतं. नुसतं पाण्याने धुऊन ठेवलंत तर अर्ध्या तासात पिवळसर पडतं. धुतल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा म्हणजे उरलेलं आम्ल मरेल, लगेच पुसा, शेगडीवर किंवा उन्हात पूर्ण कोरडं करा आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. खाण्याच्या वस्तूला खाण्याचं तेल, बिजागरीला मशीनचं.

बकरी ईद जवळ येते आहे, तेव्हा सुऱ्या आणि खिमा मशीन बाहेर निघतील. सुरीला हलका गंज असेल तर जाड मीठ आणि लिंबाची फोड, पात्याच्या पाठीकडून धारेकडे, उलटं नाही. पातं सिरक्यात रात्रभर ठेवू नका, धार जाते. हाताने फिरवायचं खिमा मशीन बिडाचं असतं आणि त्यावर बहुधा कथलाचा मुलामा असतो. त्यालाही आम्लात भिजवायचं नाही, मीठ-लिंबाने चोळून लगेच गरम पाण्याने धुवायचं. आतल्या पात्याला खड्डे पडले असतील आणि धुतल्यावरही पुसलेलं फडकं लाल येत असेल तर ते पातं बदला. गोश्त त्यातून काढू नका. लोखंडी तव्याला मात्र गंज लागला म्हणून कोणी टाकू नये. मिठाने घासा, धुवा, गॅसवर कोरडा करा, पातळ तेल लावून धूर येईपर्यंत तापवा, तीन-चार वेळा. तव्याचं आयुष्य आपल्यापेक्षा मोठं असतं.

रत्नागिरीच्या एका बहिणीने विचारलं आहे की त्यांच्याकडे वॉशिंग मशीनच्या खालच्या कडा वर्षभरात गंजल्या आणि कपड्यांवर तपकिरी डाग पडू लागले. किनाऱ्यावर हवेतच मीठ असतं, त्यामुळे तिथलं लोखंड आमच्यापेक्षा फार लवकर जातं. आमचा उन्हाळा कोरडा, आमच्याकडे नुकसान होतं ते पावसाळ्यात. मशीन ओल्या फरशीवर ठेवू नका, प्लास्टिकच्या स्टँडवर ठेवा, आठवड्याला कडा गोड्या पाण्याच्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा. जिथे रंगाचा टवका उडाला आहे तिथे घासून प्रायमर आणि रंगाचा ठिपका लगेच द्या. कपड्यावरच्या डागाला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग धुवा, रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीला लावून पाहा. गंजाच्या डागावर ब्लीच कधीही टाकू नका, डाग निघत नाही, उलट पक्का होतो.

ब्लीचवरून आणखी एक. गंज निघत नाही म्हणून संडास साफ करायचं ॲसिड वापरणाऱ्या घरांची मला माहिती आहे. त्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो काही मिनिटांत माणसाला गुदमरवतो. दोन्ही बाटल्या एका कपाटात शेजारी ठेवूसुद्धा नका.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांतले फ्रिज आणि मशीन चिखलात उभे होते. पाणी ओसरल्यावर लोकांनी बाहेरून पुसून ती सुरू केली. बाहेरचा गंज दिसतो, आतला नाही. पाण्यात बुडालेलं कोणतंही यंत्र मेकॅनिकने उघडून, धुऊन, वाळवल्याशिवाय प्लगला लावायचं नाही. त्यावर कोणतंही घरगुती औषध नाही.

कधी दिल्लीला गेलात तर कुतुबमिनारच्या आवारात, कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या अंगणात उभा असलेला लोहस्तंभ पाहा. उंची सात मीटरहून थोडी जास्त, वजन सहा टनांहून अधिक, आणि सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वरच्या पातळ गंजाचाच एक घट्ट थर बनला आणि तोच आतल्या लोखंडाला राखतो. आपल्या कूलरच्या पत्र्यात ते गुण नाहीत. त्याचा गंज सच्छिद्र, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारा.

उन्हाळा संपल्यावर, मृगाच्या आधी, टाकी पूर्ण वाळवून मगच कूलर झाका, आणि झाकताना ताडपत्री खालून घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. जुन्या ताट्या आत ठेवू नका, त्या महिनोन्महिने ओल धरतात.

आणि शेवटचं, जे चाचांनी जाता जाता दाखवलं. आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी अँगलच्या घोडीवर आहे, खाली गल्ली. भरलेल्या टाकीचं वजन करून पाहिलं, चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, वर कूलर. घोडीचा रंग शाबूत होता. चाचांनी भिंतीजवळच्या जोडावर हातोडीने हळूच ठोकलं, तर खणखणीत आवाज येण्याऐवजी फसका आवाज आला आणि रंगाची खपली पडली. आतला अँगल बोटाएवढ्या जागेत पानासारखा पातळ झाला होता. त्या खिडकीखाली रोज संध्याकाळी गल्लीतली मुलं क्रिकेट खेळतात.

घोडी त्याच दिवशी उतरवली. नवी बनायला टाकली आहे, रविवारी मिळेल. तोवर अब्बांचा कूलर बैठकीत विटांवर ठेवला आहे, दारातून येता-जाता सगळ्यांना लागतो, आणि धाकटा पाणी भरायच्या आधी प्लग काढून मला हातात आणून दाखवतो.